भाकरीची सुट्टी

चार्ली चॅप्लिनचा ‘मॉडर्न टाइम्स’ हा विनोदी चित्रपट १९३६ साली अमेरिकेत प्रदर्शित झाला. बोलपटांचा काळ सुरू होऊन तोवर जवळजवळ नऊ वर्षे लोटली होती. तरीही चॅप्लिनने आपल्या भटक्याला मूकच ठेवले. अखेरीस तो एक गाणे म्हणतो, पण त्याचेही शब्द निरर्थक. भाषेचा अडसर नसल्यामुळे नरडाण्यात आमच्या घरी शेजारीपाजारी जमले असता आम्ही हा चित्रपट निःसंकोचपणे लावला.

जमलेल्यांत औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणारे तरुण होते, तसेच कापडगिरणीत उमेदीची वर्षे घालवलेले एक वृद्ध काकाही होते. सरकत्या पट्ट्यावरील नट आवळता आवळता चॅप्लिनचे हात थांबेनासे होतात, तेव्हा सारे घर हसले. पुढे कामगाराला भरवणारे यंत्र येते. जेवणाची सुट्टी वाचावी, हा त्याचा हेतू. यंत्र बिघडते, मक्याचे कणीस तोंडावर गरगरा फिरते, घासाबरोबर लोखंडी नटही तोंडात कोंबले जातात. मुले हसून लोळू लागली. काका मात्र एवढेच म्हणाले, “हाई ते आमनीच गोट शे.”

त्या वाक्याने आम्हाला तो प्रसंग नव्याने दिसला. मालक ते यंत्र नाकारतो, ते व्यवहारात उपयोगाचे नाही म्हणून. माणसाच्या हालांचा तेथे उल्लेखही नाही. यंत्र नीट चालले असते तर? रात्रपाळीच्या एका मुलाने सांगितले, की त्यालाही पुष्कळदा उभ्यानेच भाकरी खावी लागते.

१९३१ साली गोलमेज परिषदेच्या निमित्ताने गांधीजी लंडनला गेले होते. तेथे चॅप्लिनने त्यांची भेट घेऊन, यंत्रांना आपला विरोध का, असे विचारले होते. यंत्रांमुळेच हिंदुस्थान इंग्लंडवर अवलंबून राहिला, अशा आशयाचे उत्तर गांधीजींनी दिले. कापूस पिकवणाऱ्या खानदेशाला ते उलगडून सांगावे लागत नाही. मात्र यंत्राशी आमचे वैर नाही. वसाहत झाली म्हणून आमच्या ओळखीची काही मुले सुरतेला न जाता आईवडिलांजवळ राहू शकली.

चॅप्लिन कामगाराला कधीच हसत नाही. माणसाच्या घासाचाही हिशेब मांडणाऱ्या घाईला तो हसतो. चार सोबत्यांत बसून, दोन शब्द बोलत, भाकरी निवांत खाता यावी, एवढेच त्याचे मागणे. जवळजवळ नव्वद वर्षांनंतरही ते मागणे जुने झालेले नाही.