एकट्यापुरती

पुण्याचा भाचा सुट्टी संपवून गेला आणि फ्रिजमध्ये, मोसंब्यांच्या मागे, दोन डबे विसरला. सोडा असेल म्हणून चष्मा लावून पाहिलं, तर वाइन! बुडबुड्यांची, अकलूजच्या फ्रातेल्लीची. फ्रातेल्ली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. तीन घरच्या भावांनी मिळून उभारलेली कंपनी, आणि डबा मात्र एकट्याचा.

वाइनची बाटली ७५० मिलिलिटरची. उघडली की चार जण हवेत, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून ती उतरत जाते. आमच्या अंबडात वाइनला चार जण कुठून आणायचे? इतर पिणाऱ्यांनी हा प्रश्न कधीच सोडवलाय : १८०ची चपटी, खिशात मावणारी.

तशी आमच्या घरात वाइन पूर्वीपासून होती. आजीचं द्राक्षासव. मनुका, काहीतरी गोड, धायटीची फुलं. भांड्याचं तोंड लिंपून महिनाभर मुरवत ठेवायचं, की आत आपोआप मद्य तयार होतं. आजीला मात्र ते वैद्यांकडून तयारच मिळे. रात्री जेवण झालं की चांदीच्या वाटीत दोन चमचे, तेवढंच पाणी. 'दारू' हा शब्द ती उच्चारतही नसे. लेबलावरची मद्यार्काची बारीक ओळ मी एकदा मोठ्याने वाचली, तर म्हणाली, "औषध आहे ते. तू आपला अभ्यास वाच." नवरात्रात नऊ दिवस उपास, रोज मत्स्योदरी देवीची टेकडी चढणं, पण आसव चालूच. द्राक्षं उपासाला चालतात ना! नव्या बाटलीचं बूच काढताना फस्स झालं की खूश व्हायची. "जिवंत आहे," म्हणायची. मग लेबलावर पेन्सिलीने रेघ ओढून ठेवायची, कुठवर उरलंय त्याची. एका उन्हाळ्यात रेघ आणि आसव यांत बोटभर अंतर पडलं. आजी काही बोलली नाही. आजोबा खाली मान घालून जेवत राहिले.

२०२२च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकू द्यायचं ठरवलं, तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ! औषधांच्या दुकानातलं आसव तेव्हाही निवांत फळीवर बसलं होतं.

संध्याकाळी भाच्याचा डबा घेऊन गच्चीवर गेलो. फस्स झालं. डब्यालाच तोंड लावलं तर वास येईना. वाइनचं निम्मं काम नाकाचं, आणि एवढ्याशा भोकात नाक कसं घालणार? खाली येऊन फुलपात्र नेलं. त्यात बरी लागली. थंड, आंबटसर, हिरव्या द्राक्षाची साल चावल्यासारखी. मला जरा गोड चाललं असतं. आसवाची सवय.

खालून बायकोने हाक मारली, "वर एकटेच काय करताय?"

डबा कठड्यावर ठेवला. त्यावर रेघ कुठे ओढणार, आतलं दिसतच नाही. हलवून पाहिला. होती अजून थोडी.