असल फोटो कोणाच्या फोनमध्ये आहे?

प्रत्येक खानदानाचा आता एक व्हॉट्सॲप ग्रुप असतो. निकाह दारव्ह्यात झाला तरी दुआ संपेपर्यंत दूल्ह्याचा फोटो लोहाऱ्यात, पुण्यात आणि रियाधमध्ये पोहोचलेला असतो. वलीम्याच्या रात्रीपर्यंत दोनशे फोटो जमतात. लोक 'माशाअल्लाह' लिहितात आणि पुढे सरकतात. फोटो आपल्याकडे आले, असं सगळ्यांना वाटतं. पण आपल्याकडे येते ती नक्कल, आणि तीही लहान केलेली. हे कळतं ते फोटो कागदावर छापायची वेळ येते तेव्हा. आपल्या घरांत ही वेळ बहुतेकदा कोणाचा इंतकाल झाल्यावरच येते.

आमच्या अम्मींना फोटोचं वावडं होतं. समोर कोणी फोन धरला की त्या पदर पुढे ओढायच्या. त्यामुळे त्यांचे फोटो म्हणजे आधार कार्ड, बँकेचं पासबुक आणि मतदार ओळखपत्र. या तिन्हींत माणूस कसा दिसतो, ते सर्वांना ठाऊक आहे. एकच फोटो वेगळा होता. एका वलीम्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून, हातात जर्द्याची वाटी घेऊन त्या कोणाच्या तरी बोलण्यावर हसत होत्या. माझ्या भावाच्या मुलाने त्यांच्या नकळत तो काढला आणि ग्रुपवर टाकला. अम्मी गेल्या, तेव्हा आम्हा चारही भावंडांना तोच फोटो हवा होता, आठ बाय बाराच्या आकारात.

लोहारा यवतमाळला लागूनच आहे, म्हणून शहरातल्या एका स्टुडिओत गेले. तिथल्या मुलाने फाइलचं नाव वाचलं आणि फोटो न उघडताच म्हणाला, "मॅडम, हा व्हॉट्सॲपचा हाय. आठ बाय बाराले फाटते."

फाटते म्हणजे काय, ते मी शाळेतल्या मुलांना चौकटीच्या वहीवर दाखवते. डिजिटल फोटो म्हणजे रंगीत चौकटींची वही. हल्लीच्या साध्या फोनचा फोटो साधारण 4000 चौकटी रुंद आणि 3000 उंच असतो, म्हणजे एकूण 1 कोटी 20 लाख चौकटी. नेहमीच्या पद्धतीने पाठवला की व्हॉट्सॲप तो सुमारे 1600 बाय 1200 चा करतं, म्हणजे 19 लाख 20 हजार. सहा हिश्शांतला एकच हिस्सा उरतो. शिवाय उरलेल्या चौकटीही दाबून फाइल आणखी हलकी केली जाते. फोनच्या छोट्या पडद्यावर हे कळत नाही. कागदावर मात्र एका इंचात सुमारे 300 चौकटी असल्या तर फोटो स्वच्छ येतो, 200 पर्यंतही चालून जातं. 1600 चौकटी 12 इंचांवर पसरल्या तर इंचाला 133 येतात. मग पापण्या पुसल्या जातात, केसांचा एक गोळा होतो, पदराच्या काठावर पायऱ्या दिसतात. हाच फोटो चार बाय सहाच्या कागदावर ठीक निघतो, कारण तिथे इंचाला 266 चौकटी पडतात.

एकट्या माणसाच्या फोटोचं हे झालं. खानदानाचा ग्रुप फोटो असेल आणि एका ओळीत पंधरा माणसं उभी असतील, तर 1600 चौकटींतून प्रत्येकाच्या वाट्याला शंभर-सव्वाशे येतात. त्यातही चेहऱ्याला पन्नासेक. त्यातून नानींचा चेहरा कापून मोठा करा म्हटलं, तर स्टुडिओवाला काय करणार?

तो एक गोष्ट करू शकतो आणि हल्ली करतोच. "एआयने साफ करून देतो," असं त्या मुलानेही सांगितलं आणि दोन मिनिटांत करून दाखवलं. फोटो चकचकीत झाला. अम्मींच्या कपाळावरच्या रेषा गेल्या, डाव्या भुवईतला लहानपणीचा वण गेला, दात एका रांगेत आले. घरी खालाजानना दाखवला. त्यांनी चष्मा लावून पाहिला, परत दिला आणि म्हणाल्या, "ये आपा नहीं हैं." त्या बरोबर होत्या. हे ॲप हरवलेला तपशील परत आणत नाही. त्याने शिकताना असंख्य अनोळखी चेहरे पाहिलेले असतात, त्यावरून इथे बहुधा असं असेल म्हणून ते रिकामी जागा भरतं. पार्श्वभूमीची भिंत असेल तर हरकत नाही. आईच्या चेहऱ्याबाबत मला ते मंजूर नाही.

फातिमाबी शेख यांच्या बाबतीत तर हे आपल्या सर्वांच्या डोळ्यांसमोर चाललं आहे. 3 जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, शाळाशाळांत फलक लागतात. फातिमाबींचा म्हणून ओळखला जाणारा जुना फोटो एकच: सावित्रीबाईंसोबत बसलेला. डॉ. मा. गो. माळी यांनी सावित्रीबाईंचं समग्र वाङ्मय संपादित केलं, त्यात हा फोटो जुन्या निगेटिव्हवरून मिळाल्याची हकीकत आहे. निगेटिव्ह कोणी तरी जपली, म्हणून चेहरा उरला. 9 जानेवारी 2022 ला गूगलने फातिमाबींचं डूडल केलं, तेव्हापासून हा फोटो आणखी फिरतो आहे, आणि प्रत्येक फेरीत थोडा झिजतो. आता त्याच्या जागी रंगवलेली, गुळगुळीत, नटीसारखी चित्रं फलकांवर येऊ लागली आहेत. मुलींना मी जुना, धूसर फोटोच दाखवते. धूसर असला तरी तो कॅमेऱ्यासमोर बसलेल्या बायांचा आहे.

आता अम्मींच्या फोटोचं पुढे काय झालं ते सांगते. नक्कल कितीही घासली तरी उपयोग नाही, ज्या फोनने फोटो काढला तिथपर्यंत जायला हवं होतं. भाचे-पुतणे फोन दर दोन-तीन वर्षांनी बदलतात, जुना एक्स्चेंजमध्ये देतात, आणि देण्याआधी सगळं पुसतात. पुतण्यानेही फोन बदलला होता. पण त्याचे फोटो गूगल फोटोजमध्ये जमा होत होते. वलीम्याची तारीख टाकून त्याने शोधलं आणि फोटो निघाला, पूर्ण 4000 बाय 3000 चा. "फुप्पी, आत्ता पाठवतो," म्हणाला आणि उत्साहात व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला! तो पुन्हा 1600 चा होऊन माझ्याकडे आला. मग त्याला सांगितलं, बेटा, डॉक्युमेंट म्हणून पाठव.

सगळी युक्ती एवढीच आहे. कागद अडकवायच्या पिनेचं चिन्ह दाबलं की गॅलरीऐवजी 'डॉक्युमेंट' निवडायचं आणि त्यातून फोटोची फाइल पाठवायची. मग व्हॉट्सॲप तिला हात लावत नाही. आयफोनवाल्यांनी फोटो आधी 'फाइल्स'मध्ये ठेवावा, मग पाठवावा. ऑगस्ट 2023 पासून व्हॉट्सॲपमध्ये फोटो पाठवताना वर 'एचडी' निवडता येतं. ते साध्यापेक्षा पुष्कळ बरं, पण त्यातही फोटो थोडा दाबला जातोच. ईमेल किंवा गूगल ड्राइव्हची लिंकही चालते. आणि स्टेटसवरचा स्क्रीनशॉट कधीच छापायला नेऊ नये. उमराहला गेलेल्या सासू-सासऱ्यांचे काबाशरीफसमोरचे फोटो अनेक घरांत स्क्रीनशॉटच्या रूपातच उरले आहेत. आडवा फोटो उभ्या पडद्यावर पाहून स्क्रीनशॉट घेतला, तर रुंदीला हजारेक चौकटीच मिळतात.

हातात आलेली फाइल असल आहे की नक्कल, हे अँड्रॉइड फोनवर नावावरून ओळखता येतं. नावात तारखेनंतर 'डब्ल्यूए' ही अक्षरं आणि आकडा असेल, तर तो व्हॉट्सॲपवरून आलेला. त्यातली तारीखही फोटो आला त्या दिवसाची असते, काढला त्या दिवसाची नव्हे.

दुकानात फोटो देण्याबद्दल थोडं मोकळेपणाने लिहिते, कारण आपल्या बायकांना खरी अडचण इथे वाटते. आपला फोटो परक्या माणसाच्या फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरवर राहील, म्हणून अनेकजणी छापतच नाहीत. ही काळजी बिनबुडाची नाही. दुकानवाला सहज म्हणतो, "माझ्या नंबरवर टाकून द्या." त्यात दुहेरी नुकसान आहे. फोटो पुन्हा दाबला जातो आणि त्याच्या फोनमध्ये जाऊन बसतो. त्यापेक्षा छापायचे तेवढेच फोटो पेनड्राइव्हवर घ्या, घरातलं कोणी सोबत न्या, छपाई होईपर्यंत तिथेच बसा. मग समोर फाइल डिलीट करायला लावा आणि रिसायकल बिनही रिकामी करायला सांगा. मी हे सरळ सांगते. एकाही दुकानदाराने आजवर तोंड वाकडं केलेलं नाही.

कागदाचा आकार आधी ठरवून जावा. फोनचा फोटो चारास तीन या प्रमाणात असतो आणि चार बाय सहाचा कागद तीनास दोन. त्यामुळे फोटोचा नववा हिस्सा कापला जातो, आणि नेमकी मागच्या ओळीतली डोकी जातात. सहा बाय आठचा कागद फोनच्या फोटोला बरोबर बसतो. व्हॉट्सॲपची नक्कलच उरली असेल, तर त्या आकारात इंचाला 200 चौकटी मिळतात आणि फोटो बऱ्यापैकी निघतो. त्याहून मोठा करण्याचा आग्रह धरू नये. असल फाइल असेल तर आठ बाय बाराला इंचाला 300 हून जास्त चौकटी मिळतात. अम्मींच्या आता छापलेल्या फोटोत हातातल्या बांगड्या मोजता येतात आणि भुवईतला वणही दिसतो.

जुने छापील फोटो असतील, तर काचेवरून किंवा प्लास्टिकवरून फोनने त्यांचा फोटो काढू नये. बाहेर काढून 600 डीपीआयवर स्कॅन करून घ्यावेत. निगेटिव्ह सापडल्या, तर त्या फेकू नयेत, छापील फोटोपेक्षा त्यांत जास्त काही शिल्लक असतं.

आमच्या घरी भिंतीवर माणसांचे फोटो लावत नाहीत. अनेक घरांत हाच दस्तूर आहे, काहींत नाही. म्हणून आम्ही अल्बम केला. नानींच्या जुन्या अल्बममध्ये एका फोटोत चार बाया विहिरीजवळ उभ्या आहेत. त्यांतल्या तिघी कोण हे खालाजान सांगतात, चौथीचं नाव सांगणारं आता कोणी उरलेलं नाही. म्हणून नव्या अल्बममध्ये प्रत्येक फोटोखाली नाव, नातं, गाव आणि तारीख लिहितो. तारीख आठवावी लागत नाही, ती असल फाइलमध्ये नोंदलेली असते.