‘नॉट फॉर बॉल’: बंदुकीच्या नळीवरची मनाई

१८७५ ते १८८७ या काळात इंग्लंडच्या सरकारमान्य तपासणीतून बाहेर पडलेल्या अनेक छर्र्यांच्या बंदुकांवर एक ठसा आढळतो: ‘नॉट फॉर बॉल’. अखंड गोळीसाठी नाही! बंदुकीवरच गोळीची मनाई कोरण्याची वेळ यावी, याचे कारण नळीच्या तोंडाशी असलेली जेमतेम एक मिलिमीटरची अरुंदी. तिलाच चोक म्हणतात.

त्याआधी नळी मुळापासून तोंडापर्यंत एकसारखी रुंद असे. एक पौंड शिशाचे बारा समान गोळे केले, तर त्यांतला एक जिच्यात नेमका बसेल ती बारा बोअर. व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर. सकाळी तिच्यात छर्रे भरून तितर टिपावेत आणि दुपारी रानडुक्कर उठले तर अखंड गोळी घालावी, अशी ती सोयीची बंदूक होती. छर्रे मात्र फार विखुरत. ४० यार्डांवर ३० इंची वर्तुळात त्यांतले ४० टक्केच पडत.

न्यूकॅसलच्या पेप यांनी १८६६ मध्ये नळीचे तोंड आवळण्याचे पेटंट घेतले. बर्मिंगहॅमच्या ग्रीनर यांनी १८७४ पासून ती युक्ती घरोघरी नेली. पूर्ण चोकमधून तेच प्रमाण ७० टक्क्यांवर गेले. पक्ष्यांच्या शिकाऱ्यांना आणखी काय हवे होते?

पण छर्रे एकमेकांवरून सरकत अरुंद वाटेने निघून जातात. नळीत घट्ट बसलेला शिशाचा गोळा सरकणार कुठे? तो तोंडाशी चेपतो, दाब चढतो, नळी फुगते, प्रसंगी फाटते. म्हणून तो ठसा. झुडपातून जखमी बिबट्या अंगावर येत असताना हातात दोन्ही नळ्यांना पूर्ण चोक असलेली बंदूक असणे, ही त्या काळच्या शिकाऱ्याची खरी अडचण होती. दुनळी घेताना एक नळी सरळ आणि दुसरी चोकची ठेवण्याची तडजोड अनेकांनी केली. सरळ नळीतला गोल गोळाही पन्नास-साठ पावलांपुढे भरवशाचा नसेच.

यावरचा सर्वांत देखणा तोडगा हिंदुस्थानात नोकरी केलेल्या माणसाने काढला. जॉर्ज व्हिन्सेंट फॉसबेरी हे बंगाल आर्मीतले अधिकारी. १८६३ च्या अंबेला मोहिमेत त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता. १८८५ मध्ये त्यांनी पेटंट घेतले ते असे: सगळी नळी गुळगुळीत, फक्त तोंडाशी असलेल्या चोकमध्ये आटे. गोळी बाहेर पडता पडता फिरकी घेते आणि छर्रेही फारसे बिघडत नाहीत. हॉलंड अँड हॉलंड कंपनीने ही बंदूक ‘पॅराडॉक्स’ म्हणून विकली. नाव चपखल होते. एकाच बंदुकीवर पक्षी आणि वाघ दोन्ही भागवू पाहणाऱ्या वसाहतींतल्या शिकाऱ्यांत ती फार चालली. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो अध्याय मिटवला, हे बरेच झाले.

दुसरी वाट नळी न बदलता गोळी बदलण्याची. जर्मनीच्या विल्हेल्म ब्रेनेके यांनी १८९८ मध्ये अंगावर तिरक्या कडा असलेली, मागे फेल्टची चकती जोडलेली गोळी केली. अमेरिकेत कार्ल फॉस्टर यांनी १९३१ मध्ये मागून पोकळ गोळी घडवली. वजन पुढे असल्याने ती बॅडमिंटनच्या फुलासारखी (त्या खेळाचे आरंभीचे नियम पुण्याचेच!) तोंड पुढे करून सरळ उडते. त्या तिरक्या कडांनी गोळी गरगर फिरते, हा समज आजही हट्टाने टिकून आहे. फिरकी मिळते ती नगण्य. कडांचे खरे काम चोकमधून जाताना चेपून वाट देण्याचे.

तेव्हा अशा गोळीसाठी चोक कोणता? सरळ नळी, किंवा पाव मिलिमीटर आवळलेला ‘इम्प्रूव्हड सिलिंडर’. पूर्ण चोकमधून फॉस्टरची गोळी जाईल, पण चेपलेली गोळी नेम राखतेच असे नाही. आणि चुकलेली गोळी जनावराला मारत नाही, दिवसेंदिवस कुजवते. एकाच कारखान्याच्या दोन नळ्याही सारख्या वागत नाहीत, म्हणून शिकारीआधी कागदावर गोळ्या झाडून पाहणे टळत नाही. प्लास्टिकच्या वेष्टनातली ‘सॅबो’ गोळी मात्र वेगळी. तिला फिरकी लागतेच. गुळगुळीत नळीत ती कोलांट्या खाते.

अशा गोळीसाठी साध्या नळीच्या तोंडाशी फिरवून बसवायचा आटेदार चोक आज दुकानात सुटा मिळतो. तो फॉसबेरींच्या पॅराडॉक्सचाच शेवटचा तुकडा आहे.