पाण्याचा दिवस आणि गुंतवळ

छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्या बाईच्या केसांबद्दल बोलायचं तर आधी पाण्याबद्दल बोलावं लागतं. जायकवाडीचा नाथसागर शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर, तरी सिडकोतल्या आमच्या गल्लीत नळाला पाणी येतं ते मधले कितीतरी दिवस कोरडे गेल्यावर. एरवी सगळं बोअरवर. त्या पाण्यात शाम्पूला नीट फेससुद्धा येत नाही, म्हणून डोक्यावरून अंघोळ नळाच्या दिवसावर ढकललेली. इथे कुणाचेही केस गळोत, निदान तयार असतं : बोअरचं पाणी.

मीही बरेच दिवस तेच धरून बसले होते. पण जड पाण्यानं केस राठ होतात, मधेच तुटतात. माझा भांग रुंदावत होता आणि तिथले केस मुळापासूनच बारीक येत होते. औरंगपुऱ्यातल्या त्वचारोगतज्ज्ञ मॅडमनी भिंगाखाली हा फरक दाखवला. हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉईड तपासून घेतलं, दिवस गेलेले नाहीत ना, बाळ अंगावर पीत नाही ना, हे विचारलं आणि मिनॉक्सिडिल लिहून दिलं. रोज रात्री, कोरड्या डोक्याला, मग हात स्वच्छ धुवायचे. चिठ्ठीच्या मागे त्यांनी पेनानं लिहिलं, ‘पहिले दोन महिने गळती वाढेल. घाबरून बंद करू नये.’

त्यामागचं कारणही त्यांनी नीट सांगितलं. डोक्यावर साधारण 1 लाख केस असतात. दहातले आठ-नऊ वाढीला लागलेले, उरलेल्यांची वाढ थांबलेली. ते सुमारे तीन महिने मुळाशी नुसते टेकून असतात आणि मग गळतात. हे औषध ती विश्रांती आखडती करतं. मूळ लवकर कामाला लागतं, आणि खालून पक्का दात आल्यावर दुधाचा दात पडावा तसा जुना केस सुटतो. पुढच्या काही महिन्यांत एकेक करून जाणारे केस थोड्या आठवड्यांत एकदम जातात.

हे सगळं मला समजलं होतं. तरी गळती सुरू झाली तेव्हा पोटात गोळा आला. एरवीसुद्धा माणसाचे दिवसाला 50 ते 100 केस जातात. रोज डोकं धुणारीच्या ते नजरेत भरत नाहीत. आमच्याकडे मात्र सुटलेले पुष्कळसे केस वेणीत तसेच अडकून राहतात आणि पाण्याच्या दिवशी एकदम खाली येतात. त्यात आता औषधाची भर. मोरीची जाळी तुंबायची. फणीतून निघालेलं गुंतवळ मुठीत मावत नव्हतं. सासूबाईंच्या लहानपणी केस घेऊन भांडी देणारी बाई दारावर यायची, म्हणून गुंतवळ टाकायचं नाही ही त्यांची जुनी सवय. माझं गुंतवळ हातात घेऊन त्या म्हणाल्या, “अगं माय, बरं होण्यासाठी लावतीस का जाण्यासाठी? बंद कर ते. मी माक्याचं तेल करून देते.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती, आणि म्हणूनच ते ऐकून पुन्हा बाटली उघडणं जास्त अवघड जायचं.

त्याच सुमारास, जानेवारी 2025 मध्ये, बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातल्या गावांच्या बातम्या सुरू होत्या. तिथे काही दिवसांत माणसांना टक्कल पडत होतं. आयसीएमआरचं पथक आलं; पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. शेजारणी मला विचारायच्या, “तुमचंबी तसलंच नाही ना?” तसलं नव्हतं. पण टीव्हीवर त्या बायका दिसल्या की जीव तुटायचा. माझ्याकडे निदान आधीच सांगून ठेवणारी एक चिठ्ठी होती. त्यांच्याजवळ तेवढंही नव्हतं.

मला धीर दिला तो केसाच्या टोकावरच्या पांढऱ्या ठिपक्यानं. मॅडम म्हणाल्या होत्या, गळलेला केस उजेडात धरून बघा. मुळाकडे पांढरी गाठ असेल तर तो आपलं आयुष्य पुरं करून सुटलेला आहे, मधेच तुटलेला नाही. मी खिडकीशी उभी राहून बघायची. बहुतेकांना तो ठिपका असायचा.

बाबांना वेगळीच शंका. ते स्वतः बीपीच्या गोळ्या घेतात. मिनॉक्सिडिल आधी बीपीचंच औषध होतं हे कळल्यावर ते बेचैन झाले. खरंच आहे ते : अमेरिकेत 1979 मध्ये या गोळीला रक्तदाबासाठी मान्यता मिळाली, घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, आणि त्यातून डोक्याला लावायचं औषध निघालं. ते 1988 मध्ये पुरुषांसाठी आलं, 1991 मध्ये बायकांसाठी. छातीत धडधड झाली, चक्कर आली किंवा पायाला सूज आली तर कळवायचं, असं मॅडमनी सांगितलेलं होतं. तसं काही झालं नाही.

तिसऱ्या महिन्यात जाळी तुंबायची थांबली. भांगाशी आखूड, मऊ केस दिसायला आणखी दोनेक महिने गेले. औषध सोडलं तर कमावलेलं काही महिन्यांत जातं, त्यामुळे ते चालूच ठेवायचं आहे. मला ते मान्य आहे.

मान्य नाही ते दुसरंच. माझ्या शाळेतल्या एका मैत्रिणीनं परस्पर औषधांच्या दुकानातून हीच बाटली आणली, गळती वाढल्यावर महिन्याभरात फेकून दिली, आणि उरलेलेही जाणार म्हणून रात्र-रात्र रडली. तिला कुणी एक वाक्य सांगितलं नव्हतं. माझ्या चिठ्ठीमागची ती ओळ प्रत्येक खोक्यावर मराठीत, ठळक अक्षरांत छापलेली असायला हवी. मी तिला मॅडमकडे घेऊन गेले. तिचं फेरिटिन फारच कमी निघालं. सध्या लोहाच्या गोळ्या चालू आहेत. बाटलीचं काय करायचं ते तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासून ठरणार आहे.