उतारावरचं गवत

आमच्याकडे गवत मी कापते. नवऱ्याच्या मणक्याचं ऑपरेशन झालं तेव्हा हे काम माझ्याकडे आलं आणि त्याची पाठ बरी झाल्यावरही मी ते परत दिलं नाही. पिट्सबर्गच्या बाहेर आमची सव्वा एकर जागा आहे. आपल्या हिशोबाने ५० गुंठे. घर, ड्राइव्हवे आणि झाडं सोडली तर तीसेक गुंठे नुसतं गवत. एप्रिलच्या मध्याला ते जागं होतं आणि ऑक्टोबर संपेपर्यंत थांबत नाही. मे महिन्यात तर पाच दिवसांनी पुन्हा घोट्याच्या वर.

इतकी वर्षं २१ इंची, मागून ढकलायचा मोअर होता. एकदा हिशोब केला, तर दर कापणीला सहा किलोमीटरच्या वर चाल होत होती. चालण्याला माझी हरकत नाही, पण शनिवारची अख्खी सकाळ त्यात जायची. मग झिरो-टर्न घ्यायचं ठरलं.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: याला स्टिअरिंग नसतं. मांडीवर येणारे दोन दांडे असतात. डावा दांडा मागच्या डाव्या चाकाचा, उजवा उजव्याचा, आणि प्रत्येक चाकाला स्वतःचं हायड्रॉलिक ट्रान्समिशन. दोन्ही सारखे पुढे ढकलले की गाडी सरळ जाते. एक पुढे, एक मागे केला की जागच्या जागी भोवरा. पुढची दोन चाकं ऑफिसच्या खुर्चीसारखी, नेलं तिकडे वळणारी. १९६०च्या दशकात कॅन्ससमधल्या जॉन रेगियर यांनी असं यंत्र बनवलं आणि हेस्टन गावातल्या कारखान्यात ते तयार होऊ लागलं. झाडाभोवती एका फेरीत गोल कापता येतं, ओळीच्या टोकाला वळसा घालावा लागत नाही, म्हणून आता आमच्या रस्त्यावर निम्म्या घरांत ते दिसतं.

दुकानातल्या माणसाने डेकची रुंदी, इंजिनाची ताकद, पत्र्याची जाडी हे सगळं नीट सांगितलं. डेक म्हणजे ज्याच्या पोटात पाती फिरतात ते भांडं. त्याच्या मते मी ५४ इंची घ्यावं. आमच्या मागच्या कुंपणाचं फाटक ४८ इंची आहे, तेव्हा तो विषय तिथेच संपला. ४२ इंचीसुद्धा गवत फेकणारी पन्हळ वर दुमडली तरच त्यातून जातं. ट्रान्समिशनबद्दल मात्र मला खोदून विचारावं लागलं. स्वस्त घरगुती यंत्रांत ते बहुधा सीलबंद असतं. त्यातलं तेल बदलायची सोयच नसते, बिघडलं की अख्खं बदला. इंजिन कुणाचं यावर लोक तासभर बोलतात, पण चढ-उताराच्या जागेत आधी दम तोडतं ते हेच.

रात्री बाबांना फोनवर यंत्राचा व्हिडिओ दाखवला. ते कोरेगावकडे चाळीस वर्षं ट्रॅक्टर चालवताहेत.

"म्हंजे एका चाकाचा ब्रेक दाबून वळवतो तसंच की," ते म्हणाले. ट्रॅक्टरला मागच्या दोन चाकांचे दोन वेगळे ब्रेक असतात. बांधापाशी वळताना एकच दाबायचा, हे मी लहानपणापासून बघत आलेय. थोडा वेळ ते गप्प राहिले.

"ब्रेक कुठाय गं?"

"चालवताना वेगळा नाही. दांडे मध्ये आणले की थांबतं."

"आणि उतारावर चाकंच घसरली तर? वळवायचं पण त्यानंच, थांबवायचं पण त्यानंच?"

हा प्रश्न दुकानात कुणीही काढला नव्हता. मीही नाही. आमच्या मागच्या अंगणाचा शेवटचा भाग ओढ्याकडे उतरतो. ओल्या गवतावर मागच्या चाकांची पकड सुटली, तर पुढची चाकं उताराच्या दिशेने वळतात आणि दांडे हातात नुसते राहतात. पायाशी काही नसतं. बहुतेक उत्पादकांच्या पुस्तिकांत १५ अंशांवर जाऊ नका असं छापलेलं असतं, पाण्याच्या काठापासून यंत्राच्या रुंदीच्या दुप्पट लांब राहा हेही. १५ अंश म्हणजे १० फुटांत अडीच फुटांहून थोडा जास्त उतार. डोळ्याला तो काहीच वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी आठ फुटी फळी घेतली आणि वर फोनमधलं लेव्हलचं ॲप ठेवलं. घरामागे ६, झोपाळ्यापाशी ९. ओढ्याच्या वरच्या पट्ट्यात १९, एका जागी २१. असा साधारण चार गुंठ्यांचा पट्टा निघाला.

स्टिअरिंगवाली झिरो-टर्नही मिळतात. त्यांत पुढची चाकं स्वतः वळतात, उतारावर ताबा जास्त राहतो. एक चालवून पाहिलं. छान होतं, महाग होतं, पण २१ अंशांसाठी तेही नाही. उलटल्यावर डोकं वाचवणारी लोखंडी कमान आणि पट्टा असलेलंही पाहिलं. चार गुंठ्यांसाठी ती जोखीमच कशाला घ्यायची, असं मला वाटलं. नवऱ्याला वाटलं नाही. "हळू चालवलं की झालं" हे त्याचं म्हणणं. तो ते खुर्चीत बसून म्हणत होता आणि ओढ्यावर जाणार होते मी, एवढं मी त्याला सांगितलं.

४२ इंची घेतलं, साधे दांडेवालं. सपाट भाग आता तासाभरात होतो. ओढ्याच्या पट्ट्यापाशी मी चार छोट्या खुंट्या ठोकल्यात, त्यांच्या अलीकडूनच वळायचं. पलीकडे जुनाच ढकलायचा मोअर, तोही उताराला आडवा चालवत, म्हणजे पाय घसरला तरी यंत्र अंगावर येत नाही. आणि गवत सुकं असेल तेव्हाच.

मुलगा १४ वर्षांचा आहे. दोन दांडे पाहिल्यापासून त्याला ते गेमच्या कंट्रोलरसारखे वाटतात आणि तो रोज विचारतो. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटना बसून चालवायच्या मोअरसाठी किमान १६ वर्षं सांगते, ढकलायच्या मोअरसाठी १२. त्यामुळे घरासमोरचा सपाट तुकडा जुन्या मोअरने त्याच्याकडे दिलाय. तो कुरकुरतो. किल्ली माझ्या पर्समध्ये असते.

बाबा अजूनही दर रविवारी विचारतात, "खुंट्या हायत ना जाग्यावर?"