रंगाचा हात

रंगाच्या थराला मराठींत 'हात' म्हणतात, ही गोष्ट मला फार दिवसांपासून आवडत आली आहे. भिंतीला एक हात दिला, दाराला दोन हात झाले, खिडकीला अजून एक हात लागेल, असें आपण सहज बोलून जातों. आणि त्या एका शब्दांत रंग, वेळ, श्रम व मजुरी या चारहि गोष्टींचा हिशेब होऊन जातो. थर म्हणजे निव्वळ जाडी. हात म्हटला कीं, ती जाडी चढविणारा माणूसहि डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु आमच्या घरीं रंग फवारण्याचें एक लहानसें यंत्र आलें, आणि तेव्हांपासून हा शब्द मला पुन्हां तपासून पाहावा लागला आहे. कारण या यंत्राचा सारा गुण असा कीं, रंग देतांना हात वस्तूला लागतच नाहीं.

यंत्र आणण्याचें कारण साधें होतें. आमच्या घराला जुन्या पद्धतीच्या, तिरप्या पट्ट्यांच्या झडपा असलेल्या सहा खिडक्या आहेत. अशी एक झडप कुंचल्यानें रंगवावयाची म्हणजे प्रत्येक पट्टीची वरची बाजू, खालची बाजू व कड निराळी सांभाळावी लागते. खांचेंत रंग सांचतो, तेथून ओघळतो, आणि दुसरे दिवशीं दोन पट्ट्या एकमेकींना घट्ट बिलगलेल्या आढळतात. रंगाऱ्यांना बोलावलें तर ते झडपांकडे पाहून प्रथम निःश्वास टाकीत आणि मग दर सांगत. दर ऐकल्यावर निःश्वास टाकण्याची पाळी माझी येई.

या यंत्रांच्या मुख्यतः दोन जाती घरगुती कामांत आढळतात. पहिल्या जातींत हवा पुष्कळ व दाब थोडा असतो. पिचकारीच्या तोंडाशीं दर चौरस इंचास १० पौंडांहून अधिक दाब नसावा, असा तिचा दंडक आहे. दुसऱ्या जातींत हवा नाहींच. पंप प्रत्यक्ष रंगालाच दाबून बारीक छिद्रांतून बाहेर लोटतो, आणि तो दाब २ ते ३ हजार पौंडांपर्यंत जातो. मोटारीच्या चाकांत साधारण ३० पौंड दाबाची हवा असते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या आंकड्याचा अर्थ कळतो. अशा धारेपुढें बोट आलें तर ती कातडी भेदून आंत शिरते. वरून दिसते ती कांटा टोंचल्याएवढी खूण. परंतु आंत गेलेला रंग बोट गमावण्याची वेळ आणतो. अशा वेळीं दुखत नाहीं म्हणून स्वस्थ न बसतां तडक शस्त्रवैद्याकडे गेलें पाहिजे. मोठ्या भिंतींना तें यंत्र योग्य; झडपा, खुर्च्या, कपाटें यांना पहिलें पुरतें. आम्हीं पहिलें घेतलें.

फवारून रंगविण्याची युक्ति यंत्रयुगाची, असें वाटतें. पण ती माणसाइतकीच जुनी असावी. इंडोनेशियांतील सुलावेसी बेटावरच्या एका गुहेंत भिंतीला तळवा टेकवून त्याभोंवतीं रंग उडविला आहे. तळवा काढल्यावर मागें राहिलेला त्याचा कोरा ठसा किमान ३९,९०० वर्षांपूर्वींचा आहे, असें २०१४ सालीं प्रसिद्ध झालें. म्हणजे फवाऱ्यानें काढलेल्या जुन्यांतल्या जुन्या चित्रांपैकीं एक चित्र हाताचेंच आहे! आधुनिक यंत्राची कथा अमेरिकेंत सुरू होते. शिकागोच्या एका मोठ्या दुकानाच्या तळघरांतल्या भिंतींना सफेदी देण्यासाठीं जोसेफ बिंक्स यानें १८८७ मध्यें हातपंपाचा फवारा केला. पुढें १८९३ सालीं त्याच शहरांत जागतिक प्रदर्शन भरलें. त्या प्रदर्शनाच्या निमित्तानें झालेल्या सर्वधर्मपरिषदेंतील स्वामी विवेकानंदांचें भाषण आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. पण तेथील प्रचंड इमारती वेळेंत पांढऱ्या करावयास कुंचले अपुरे पडले, आणि फ्रान्सिस मिलेट या चित्रकाराच्या देखरेखीखालीं त्या फवाऱ्यानें रंगविल्या गेल्या, हें फारसें कोणाच्या ध्यानांत नसतें. दुसरी शाखा वैद्यकांतून आली. ओहायोंतील टोलेडो गांवच्या डॉक्टर डीव्हिल्बिस यांनीं घशांत औषध उडविण्यासाठीं एक फवारणी तयार केली होती. त्यांच्या मुलानें, टॉमसनें, १९०७ च्या सुमारास तेंच तत्त्व रंगाच्या पिचकारीला लावलें. घशाला आराम देण्यासाठीं निघालेली वस्तु पुढें किती घशांना व छात्यांना जाच करणार होती, हें त्या वैद्याच्या स्वप्नांतहि नसेल. तें मला कसें कळलें, हें पुढें सांगतों.

प्रत्यक्ष फवारणें हें या उद्योगांतलें सर्वांत शेवटचें आणि सर्वांत थोडें काम. आधीं जुना रंग घासावा लागतो. जुन्या घरांच्या रंगांत शिसें असण्याचा संभव फार. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दहा लक्ष भागांत ९० भागांहून अधिक नसावें, असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून अंमलांत आला. म्हणून त्यापूर्वींचा रंग कोरडा घासूं नये. पाणी लावून घासावा, आणि मुलांना त्या बाजूस फिरकूं देऊं नये. नंतर खांचा भराव्या, अस्तर द्यावें, आणि जेथें रंग नको तें सारें कागदानें झांकावें.

मग रंग पातळ करावयाचा. येथें अंदाज चालत नाहीं. तळाला ठराविक भोंक असलेला एक पेला मिळतो; तो भरून सोडावा, आणि वाहती धार तुटेपर्यंत किती सेकंद लागतात तें मोजावें. डब्यावर सांगितलेल्या सेकंदांशीं तो आंकडा जुळला कीं रंग तयार. रंग मलमलीतून गाळून घ्यावा. कारण वाळलेल्या सायीचा एक कण छिद्रांत अडकला, तर सबंध काम थांबतें.

फवारतांना पिचकारी वस्तूपासून १५ ते २० सेंटिमीटरांवर, म्हणजे साधारण वीतभर दूर, धरावी आणि समांतर न्यावी. आरती ओवाळतांना मनगट फिरतें. येथें नेमकें तेंच वर्ज्य आहे. मनगट वळलें कीं मधें रंग दाट व टोकांना विरळ पडतो. पट्टा सुरू होण्यापूर्वीं हात हलता असावा, कड येण्याच्या किंचित् आधीं चाप दाबावा, दुसरी कड ओलांडल्यावर तो सोडावा; आणि प्रत्येक नवा पट्टा मागच्या पट्ट्याचा अर्धा भाग झांकणारा असावा. फार जवळ किंवा फार हळू गेलें तर ओघळ येतात. फार दूर गेलें तर रंग वाटेंतच सुकून खरखरीत धूळ बसते. रंग पुरेसा पातळ नसला तर संत्र्याच्या सालीसारखे खळगे पडतात. आमच्या सहा खिडक्यांच्या झडपांना पहिला हात देऊन झाला तेव्हां अर्धी दुपारहि सरली नव्हती.

हें सारें मला शिकविलें तें आमच्या गल्लीच्या टोंकाशीं लोखंडी कपाटें रंगविणाऱ्या एका वृद्ध मिस्त्रींनीं. एकदां फवाऱ्याचा पट्टा सरळ न पडतां चंद्रकोरीसारखा एका अंगाला झुकूं लागला. मिस्त्रींनीं पिचकारी हातांत घेतली, तोंडावरची हवेची टोपी अर्धा फेरा फिरविली, आणि जुन्या कागदावर चाप दाबला. कोर उलट्या बाजूस झुकली. "साहेब, कोर टोपीबरोबर फिरली, म्हणजे घाण टोपींत आहे. फिरली नसती, तर आंतल्या नळींत शोधावी लागली असती," ते म्हणाले. एवढी स्वच्छ परीक्षा तर्कशास्त्राच्या पुस्तकांतहि क्वचित् सांपडेल.

त्या दिवशीं मिस्त्री आमच्याकडे आले तेव्हां जिना चढतांना दोनदां थांबले होते. एक मजला चढावयास त्यांना किती वेळ लागला, तें मीं वरून पाहत होतों. आयुष्यभर ते नाकाला रुमाल बांधून काम करीत. संध्याकाळीं त्या रुमालावरून दिवसभरांत कोणत्या रंगाचीं कपाटें झालीं तें सांगतां येई. जुन्या पद्धतीच्या, मोठ्या दाबाच्या पिचकारींतून सुटलेल्या रंगापैकीं साधारण एकतृतीयांशच वस्तूवर बसतो. उरलेला हवेंत जातो. पुष्कळ हवेच्या व थोड्या दाबाच्या पिचकारीनें निदान ६५ टक्के बसावा, अशी अपेक्षा असते. हे आंकडे मीं रंगाच्या काटकसरीसाठीं वाचले होते. मिस्त्रींचा श्वास ऐकतांना ते मला निराळेच वाटूं लागले. चाळीस वर्षें ज्या खोलींत ते उभे राहिले, त्या खोलींतले दोनतृतीयांश रंग कोठें गेले असतील?

डॉक्टरांनीं त्यांना धंदा सोडावयास सांगितलें होतें. मीं विचारलें, "मिस्त्री, तुम्ही पिचकारी एवढी जपतां, इतकीं वर्षें मुखवटा कां नाहीं वापरला?" ते हंसले व म्हणाले, "साहेब, गन रोज रात्रीं धुतली. एक दिवस चुकवला नाहीं. पण छाती कशी धुणार?"

रुमाल धूळ थोडीफार अडवितो. थिनरच्या वाफेला तो मुळींच अडवूं शकत नाहीं. त्यासाठीं रासायनिक वाफ शोषणारीं, बदलतां येण्याजोगीं नळकांडीं असलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मुखवटाच लागतो. मोटारींना देतात त्या दोन भागांच्या रंगांत जें घट्ट करणारें द्रव्य मिसळतात, त्यांत आयसोसायनेट नांवाचीं रसायनें असतात. त्यांचा एकदां शरीरानें धसका घेतला म्हणजे पुढें अल्पशा अंशानेंहि दम्याचा झटका येऊं शकतो. कारखान्यांत त्यासाठीं बाहेरून शुद्ध हवा पुरविणारे मुखवटे वापरतात. घरीं ती सोय नाहीं. म्हणून तसले रंग आम्ही घरांत आणीतच नाहीं. पाण्यांत मिसळणारे रंग, उघड्या गच्चीवर, आणि तेहि मुखवटा चढवून, असा नियम आम्हीं केला आहे.

काम संपल्यावर धुण्याचा विधि सुरू होतो. उरलेला रंग डब्यांत परत ओतावा; मग रंगाला अनुरूप असें पाणी किंवा थिनर घालून धार निर्मळ येईपर्यंत फवारावें. टोपी, नळी, सुई काढून मऊ ब्रशानें पुसावीं. छिद्र बुजलें तर दांतकोरण्याची काडी वापरावी, तार कधींहि नाहीं. तारेनें पडलेला एक ओरखडा पुढल्या प्रत्येक पट्ट्यांत उमटतो. सबंध पिचकारी थिनरमध्यें बुडवून ठेवूं नये. आंतल्या चकत्या फुगतात. भांड्याच्या झांकणांत हवेसाठीं एक बारीक छिद्र असतें, तें हमखास विसरतें. तें बुजलें कीं फवारा धापा टाकूं लागतो. शेवटीं सुईच्या चकतीला व चापाच्या खिळीला तेलाचा एकेक थेंब द्यावा. जवसाच्या तेलाचे बोळे गोळा करून टाकूं नयेत. ते आपोआप तापून पेट घेतात. सुटे पसरून, बाहेर वाळवावे. धुण्याचें थिनर मोरींत ओतूं नये, हें सांगावयास नकोच.

माझी पत्नी हें सारें एकदां शांतपणें पाहत होती. शेवटीं ती म्हणाली, "रंग द्यायला दहा मिनिटें, आणि पिचकारी धुवायला तास! मग वेळ वांचला तो कोणाचा?" प्रश्न वाटतो तितका विनोदी नाहीं. यंत्र श्रम नाहींसे करीत नाहीं; तें त्यांची जागा बदलतें. कुंचल्याचे श्रम मनगटांत व डोळ्यांसमोर होते. फवाऱ्याचे श्रम आधींच्या तयारींत व नंतरच्या धुण्यांत गेले आहेत. तेथें ते कोणी केले नाहींत, तर ते तिसरीकडे, न दिसणाऱ्या ठिकाणीं जाऊन सांचतात. दोनशें रुपयांची नळकांडीं वांचविणारा हिशेब चुकत नसतो. तो फक्त दुसऱ्याच्या खात्यावर, आणि फार वर्षांनीं, मांडला जातो. झडपांना मिळालेली तकाकी पाहतांना ही गोष्ट विसरणें किती सोपें आहे!

मिस्त्रींचा धंदा आतां त्यांचा मुलगा पाहतो. त्यानें भिंतींत हवा ओढून घेणारा पंखा बसविला आहे, आणि मुखवट्यावांचून तो चापाला हात लावीत नाहीं. गिऱ्हाइकें कुरकुरतात, बापाच्या वेळीं दर कमी होते, असें त्याला ऐकवितात. मागल्या हिंवाळ्यांत आमचें एक लोखंडी कपाट त्याच्याकडे दिलें; घरीं न आणावयाच्या रंगांचें तें काम होतें. त्यानें लिहून दिलेल्या अंदाजांत रंग, थिनर, मजुरी यांच्या खालीं मुखवट्याच्या नळकांड्यांचा खर्च निराळा दाखविला होता. कागद पत्नीनें वाचला, माझ्याकडे दिला, आणि आम्हीं दोघांनींहि मान डोलाविली. मजुरीच्या ओळीवर थोडें बोलणें झालें, तें व्हायचेंच. त्याखालच्या ओळीवर घासाघीस करावयाची नाहीं, एवढें आमच्या घरांत आतां ठरून गेलें आहे.