यंत्राची साक्ष

यंत्र बिचारें मुकें असतें, त्याचें दुखणें कारागिरानें तर्कानेंच ओळखावें, अशी आपली पूर्वापार समजूत आहे. ती आतां सर्वांशीं खरी राहिलेली नाहीं. रुग्णवाहिका, टॅक्सी, अग्निशामक बंब यांत जे दुतर्फी बोलण्याचे रेडिओ बसविलेले असतात, त्यांस संगणकाच्या कळफलकावरून प्रश्न विचारतां येतात. आणि ते आकड्यांत उत्तरेंही देतात. या प्रश्नोत्तरांच्या नादीं आम्ही गेलीं कांहीं वर्षें लागलों आहों. त्यांतून जो एक विचार मनांत ठसला तो वाचकांपुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु.

आमचें वास्तव्य न्यूझीलंडांतील क्राइस्टचर्च शहरीं आहे. या शहराचें आणि असल्या रेडिओंचें नातें जुनें आहे. पहिला धंदा बुडाल्यावरही न खचतां अँगस टेट या गृहस्थांनीं १९६९ सालीं येथेंच नवा कारखाना काढला आणि मोटारींतील रेडिओ देशोदेशीं पोंचविले. देशच असा डोंगराळ व भूकंपप्रवण कीं, तेथें रेडिओ ही चैनीची वस्तु राहूं शकत नाहीं. १९३१ सालीं नेपियर शहर भूकंपानें उद्ध्वस्त झालें. त्याच्या पुढल्याच वर्षीं येथील हौशी रेडिओवाल्यांनीं आणीबाणीसाठीं आपली संघटना उभारली. आम्हीही हौशी रेडिओवालेच; डोंगरांत वाट चुकलेल्यांचा शोध घेणाऱ्या तुकड्यांचे रेडिओ तपासून देणें हें आमचें रविवारचें काम.

पूर्वी रेडिओ सुरांत लावणें म्हणजे त्याचें झांकण काढून एकेक स्क्रू केसभर फिरविणें होय. त्याकरितां पेंचकसही धातूचा चालत नसे, कारण धातु जवळ येतांच वेटोळ्याचा गुण बदलतो आणि हात काढतांच सूर उतरतो. आतां तो स्क्रू राहिला नाहीं. त्याच्या जागीं यंत्राच्या स्मृतींत लिहिलेला एक आकडा आहे. झांकण न काढतांच सर्व परीक्षा होते.

टेट कंपनीच्या ८१०० जातीच्या रेडिओची रीत सांगतों. तार जोडून सेकंदास १९,२०० बिट इतका वेग ठरविला कीं प्रथम ‘^’ हें टोपीसारखें चिन्ह टाइप करावें. यंत्र दचकून उठल्यासारखें नव्यानें सुरू होतें आणि पडद्यावर इंग्रजी ‘व्ही’ हें अक्षर उमटतें. तें लहान वळणाचें असलें तर कुशल. मोठें असलें तर आंत बिघाड आहे असें समजावें. मग अर्ध्या सेकंदाच्या आंत ‘%’ हें चिन्ह टाइप केलें पाहिजे. उशीर झाला तर देवडीवरचा पहारेकरी दार लावून घेतो. वेळ साधली तर एक आडवी रेघ उमटते आणि यंत्र जबानी देण्यास सिद्ध होतें.

पुढें सारा व्यवहार आकड्यांचा. १०१ लिहून त्यापुढें बोलण्याची व ऐकण्याची वारंवारता हर्ट्झमध्यें आणि शेवटीं शून्य दिलें कीं यंत्र त्या जागीं जातें. ३२ म्हणजे ऐक. ३३ म्हणजे बोल. ही ३३ ची आज्ञा फार जपून द्यावी, कारण बटण न दाबतांच यंत्र प्रक्षेपण करूं लागतें. एरियल काढून त्या जागीं शक्ति गिळणारा ५० ओहमांचा रोध आधींच जोडलेला नसेल, तर कोणा परक्याच्या संभाषणांत आपण विनाकारण घुसतों. ३२६ पुढें ४ लिहिलें कीं उच्च शक्ति. ४७ नें अंगांतील उष्णता कळते. ६३ नें कानीं येणाऱ्या संदेशाचें बळ. आणि ७२ विचारलें कीं तीन अंक येतात. तिन्ही १ आले, म्हणजे यंत्राचे आंतले तिन्ही दुवे आपापल्या जागीं घट्ट बसले आहेत.

एका हिवाळ्यांत एका तुकडीचे तीन रेडिओ आमच्याकडे आले. तक्रार मोठी चमत्कारिक होती. तिघे आपसांत स्वच्छ बोलत. परंतु दूरच्या खोऱ्यांतून डोंगरमाथ्यावरील केंद्राशीं बोलूं लागले कीं शब्द फुटत. जखमी माणूस सांपडल्याचा निरोप केंद्रास कळेना, म्हणून एक गडी तास-दीड तास परत चढून आला. सुदैवानें जखमी वांचला. तथापि त्या थंडींत तास-दीड तासाची किंमत काय असते, हें तेथील माणसांस सांगावें लागत नाहीं.

आम्हीं तिन्ही यंत्रांस प्रश्न विचारले. ७२ चें उत्तर तिघांचेंही १११. शक्ति पुरेपूर, उष्णता बेताची. त्यांच्या जबानींत खोट म्हणून नव्हती. मग बाहेरच्या मापकानें त्यांचा सूर मोजला, तेव्हां १४५.५ मेगाहर्ट्झवर तिघेही सुमारें १,२०० हर्ट्झनें वर होते. अरुंद मार्गांत आवाजाचें झुलणें २,५०० हर्ट्झपर्यंतच असावें लागतें. तेथें एवढी चूक म्हणजे कमी नव्हे. संदेश बळकट असतां ती झांकून जाते; क्षीण झाला कीं उघडी पडते. शोध घेतां कळलें कीं, पूर्वी ज्या दुरुस्तीच्या दुकानांत हे रेडिओ लावले गेले तेथील मापकच चुकीचा होता.

तर मग १११ हें उत्तर खोटें होतें काय? मुळींच नाहीं. दुवे घट्ट होते. परंतु ते यंत्राच्या स्वतःच्याच स्फटिकाशीं घट्ट होते. ज्या मापानें यंत्र बोलतें त्याच मापानें तें ऐकतें, आणि त्याच मापानें स्वतःस तपासतें. आपण स्वतःशीं प्रामाणिक आहों, एवढेंच तें सांगूं शकतें. तिघे एकाच चुकीनें चुकलेले, म्हणून तिघांचें एकमत. आणि एकमत होतें म्हणून कोणास शंकाही नाहीं.

आमचे एक वृद्ध स्नेही गाण्याचे दर्दी आहेत. ही हकीकत ऐकून ते म्हणाले, “तंबोऱ्याच्या चारही तारा एकमेकींशीं जुळल्या कीं आमचें भागतें.” खरें आहे, गवयास आपला षड्ज निवडण्याची मुभा असते. परंतु ज्यास दूरच्या अनोळखी माणसाशीं बोलावयाचें आहे, त्यास ती मुभा नाहीं. म्हणून आमच्या टेबलावरील मापक आम्ही उपग्रहांतील आणवीय घड्याळांशीं जोडून ठेवतों. १९६७ पासून सेकंदाची व्याख्याच सीझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० कंपनांवर ठरली आहे. तो षड्ज साऱ्या जगाचा एकच. त्याच्याशीं ताडून तिन्ही रेडिओंच्या स्मृतींतील आकडा आम्हीं बदलला, आणि त्याच खोऱ्यांतून शब्द स्वच्छ येऊं लागले.

आत्मपरीक्षणाचा महिमा आपल्याकडे थोर मानतात, आणि तो आहेच. पण आपल्याच मापानें घेतलेल्या परीक्षेंत आपण सहसा उतरतोंच. आणि घरच्या मंडळींचें मापही आपलेंच असल्यामुळें तींही मान डोलावतात. उणीव कळते ती दूरच्या माणसास आपला शब्द फुटून ऐकूं येतो तेव्हां. तो ‘समजलें नाहीं, पुन्हा सांगा’ म्हणतो, तेव्हां आपण बहुधा आवाज चढवितों. त्याऐवजीं एकदां बाहेरच्या मापाशीं आपला सूर ताडून पाहणें अधिक श्रेयस्कर.